हरकतीचा हक्क : वऱ्हाडचे रान आणि गावाचा आवाज

बुलढाण्याहून राजूरचा घाट उतरून मोताळ्याकडे येताना रस्त्याच्या दोन्ही अंगांस जे रान दिसते, ते आपणां सर्वांच्या नित्य परिचयाचे आहे. चैत्रात ते करपल्यासारखे दिसते आणि आषाढात पुन्हा हिरवे होते. हे रान कोणाचे, असे विचारले तर शाळेतले पोरही सांगेल की सरकारचे. त्यावर आम्ही दुसरा प्रश्न विचारतो. ह्या रानात पुढील दहा वर्षांत काय तोडावे, काय लावावे, कोणत्या बाजूस ढोरे चरू द्यावीत आणि कोणती बाजू बंद करावी, हे कोणी ठरविले? आणि ठरविण्यापूर्वी तुम्हांस कोणी विचारले काय? ह्या प्रश्नास मात्र उत्तर मिळत नाही. आज आम्हांस इतिहास सांगावयाचा आहे तो ह्या दुसऱ्या प्रश्नाचा.

वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर हा विषय आणण्यास एक खास कारण आहे. पुण्यात १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली. ज्या सार्वजनिक सभेच्या कामात रानडे यांचा मोठा वाटा होता, त्याच सभेने १८७८ च्या मार्चमध्ये सरकारच्या नव्या जंगल कायद्याविरुद्ध अर्ज केला. गावकऱ्यांस रानातून हुसकून लावण्यापेक्षा त्यांस विश्वासात घ्या, जो गाव आपले रान राखील त्याचा गौरव करा, म्हणजे रान आपोआप राहील, असा त्या अर्जाचा आशय होता. म्हणजे लोकांनी एकत्र बसून ऐकावे ही रीत आणि सरकारने लोकांचे ऐकावे ही मागणी, ह्या दोन्ही एकाच मंडळींच्या खटपटीतून पुढे आल्या. पहिली रीत गावोगाव रुजली. दुसरी मागणी अजून पुरी व्हावयाची आहे.

सरकारला रानाची एवढी निकड का पडली, हे आधी पाहिले पाहिजे. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात आला. वऱ्हाडचा कापूस मुंबईस न्यावयाचा तर आगगाडी हवी, आगगाडीस रूळ हवेत आणि रुळांखाली स्लीपर हवेत. मलकापूर, नांदुरा, शेगाव अशी स्टेशने घेत आगगाडी १८६७ साली नागपुरास पोहोचली. साऱ्या हिंदुस्थानात तेव्हा अशाच सडका पडत होत्या, आणि सागवान किती शिल्लक आहे ह्याची चिंता सरकारास लागली होती. १८६४ साली डीट्रिख ब्रँडिस ह्या जर्मन गृहस्थांस जंगलांचे पहिले इन्स्पेक्टर जनरल नेमण्यात आले, आणि १८६५ साली जंगलाचा पहिला कायदा झाला. रान राखण्याची बुद्धी सरकारास झाली ती अशी, रान संपत आल्यावर. आणि ते संपविण्यात सरकारचाही मोठा हात होता.

१८६५ चा कायदा अपुरा वाटू लागला, तेव्हा सरकारी मंडळींतच तीन पक्ष पडले. बेडन-पॉवेल यांचा पक्ष म्हणे की पडीक रान सारे राजाचे; रयत तेथे लाकूडफाटा घेते ती राजाच्या मेहेरबानीने. मद्रास सरकारचा पक्ष नेमके उलट सांगे, की रान गावाचे आहे आणि त्यावर गावाचा हक्क पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. ब्रँडिस मधल्या मार्गाचे होते. मोजकी राने सरकारने राखावीत आणि बाकीची गावांच्या हाती द्यावीत, असे त्यांचे म्हणणे. १८७८ च्या कायद्यात राखीव, संरक्षित आणि ग्राम अशी तीन प्रकारची जंगले लिहिली गेली. कागदावर तिन्ही पक्षांचे समाधान झाले. प्रत्यक्षात राखीव जंगल वाढत गेले आणि ग्राम जंगलाचे कलम बहुतेक ठिकाणी पुस्तकातच राहिले.

ह्या कायद्याने लोकांस विचारलेच नाही, असे पुष्कळदा बोलले जाते. ते खरे नाही, आणि आमच्या आजच्या सांगण्याचा गाभा नेमका येथे आहे. कायद्याने विचारण्याची पद्धत घालून दिली होती. तीच पद्धत पुढे १९२७ च्या कायद्यात आली व त्या कायद्यात ती आजही आहे. प्रथम सरकार जाहीर करते की अमुक जमीन राखीव जंगल करण्याचा विचार आहे. मग जंगल जमाबंदी अधिकारी आसपासच्या गावांत स्थानिक भाषेत जाहीरनामा लावतो आणि निदान तीन महिन्यांची मुदत देतो. ज्याचा काही हक्क असेल त्याने त्या मुदतीत येऊन सांगावे. चौकशी होते, निकाल होतो, निकालावर अपीलही आहे. आणि ज्या हक्काबद्दल कोणी काहीच सांगितले नाही तो हक्क संपतो. उशिराचे सबळ कारण दाखविले तर शेवटची अधिसूचना निघण्यापूर्वी तेवढी एक फट राहते.

आता ही पद्धत चावडीवर उभे राहून पाहा. कोतवालाने दवंडी दिली. ऐकली कोणी? जो त्या दिवशी गावात होता त्याने. गुराखी रानात होता, बंजाऱ्याचा तांडा मुक्कामास दुसरीकडे गेला होता, मोळी विकणारी बाई बाजारास गेली होती. ज्यांचे सारे जीवन रानावर, तेच त्या दिवशी रानात होते. तीन महिन्यांत अर्ज लिहावयाचा तर लिहिणारा हवा, आणि हक्काचा पुरावा कागदाचा हवा. गवत कापण्याचा कागद कोणाच्या आजाने करून ठेवला होता? अशा रीतीने जे बोलले नाहीत त्यांचे हक्क संपले, आणि ते कायदेशीरपणे संपले. मौनाचा अर्थ संमती असा लावला गेला.

वऱ्हाड तेव्हा नावापुरता निजामाचाच मुलूख असल्यामुळे येथे १८८६ साली जंगलाचा निराळा कायदा करण्यात आला. सरकारी रानाचे ए, बी आणि सी असे वर्ग पाडले. ए वर्ग इमारती लाकडाचा व सरपणाचा, बी वर्ग गवताच्या रमण्यांचा, सी वर्ग चराईचा. वर्गवारी वाईट होती असे आम्ही म्हणत नाही. गवत, सरपण आणि सागवान ह्यांचा हिशेब वेगळा ठेवणे शहाणपणाचेच होते. परंतु कोणते रान कोणत्या वर्गात पडावे हे ठरविणाराच्या घरी ढोर नव्हते, आणि ज्याच्या घरी ढोर होते त्याच्या वाट्यास चराईची पावती आणि कोंडवाडा आला. महात्मा फुले यांनी १८८३ साली पुरा केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ ह्या ग्रंथात जंगलखात्यामुळे गरीब शेतकऱ्याच्या गुरांची कशी दैना झाली, ह्यावर कोरडे ओढले आहेत ते ह्याचसाठी.

मुंबई इलाख्यात तर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतून एवढा असंतोष उठला की १८८५ साली सरकारास जंगल कमिशन नेमावे लागले. कमिशनने लोकांची गाऱ्हाणी ऐकली आणि १८८७ साली अहवाल दिला. आधी ऐकावयाचे ते मागून ऐकले. ह्यालाच आपल्याकडे वरातीमागून घोडे म्हणतात.

ज्यास हरकत घेण्याची जागा उरत नाही तो शेवटी विळा हाती घेतो, हे १९३० सालाने दाखविले. वऱ्हाडास समुद्र नाही. अकोला जिल्ह्यात दहीहंडा येथे खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ करून लोकांनी सत्याग्रह केला. पण मीठ हे येथल्या शेतकऱ्याचे रोजचे दुखणे नव्हते. ते गवत होते. म्हणून १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला राखीव रानातले गवत कापून जंगलाचा कायदा मोडला. चार मुठी गवताची किंमत ती काय? परंतु त्या गवताने हजारो खेडुतांस जे समजले ते मोठमोठ्या भाषणांनी समजले नसते. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला कुलाबा जिल्ह्यात चिरनेर येथे जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि माणसे मेली. आमच्या दृष्टीने जंगल सत्याग्रह ही बावन्न वर्षे उशिरा घेतलेली हरकत होती. १८७८ साली जे म्हणणे अर्जाने मांडले होते, तेच १९३० साली विळ्याने मांडले.

स्वराज्य आले आणि रानाचा मालक बदलला. विचारण्याची रीत मात्र बदलली नाही. राखीव जंगल एकदा ठरले की त्याचा कारभार ‘कार्य आयोजना’ नावाच्या आराखड्याने चालतो. कोणत्या कुपात कोणत्या वर्षी तोड व्हावी, कोठे रोपवन घ्यावे, कोठे चराई बंद ठेवावी हे सारे त्यात बहुधा दहा वर्षांसाठी लिहिलेले असते. आम्ही कामगार चळवळीतली माणसे, म्हणून ह्या आराखड्याकडे पाहताना आम्हांस कारखान्याचे स्टँडिंग ऑर्डर्स आठवतात. १९४६ च्या कायद्याने मोठ्या कारखान्यांच्या मालकांवर बंधन घातले की कामाचे नियम आधी मसुदा म्हणून द्यावेत. मसुद्याची प्रत युनियनकडे जाई, पंधरा दिवसांत हरकती घेता येत, अधिकारी दोन्ही बाजू ऐके आणि मग नियम पक्के होत. ज्या देशाने गिरणीतल्या मजुरास एवढा मान १९४६ साली दिला, त्याच देशात रानातल्या गावाच्या दहा वर्षांच्या पोटापाण्याचा मसुदा गावास दाखविण्याची तशी सक्ती पुढे कित्येक दशके नव्हती.

न विचारण्याचा परिणाम काय होतो, त्याचे एक उदाहरण शेजारच्या, तेव्हाच्या मध्य प्रदेशातले आहे. १९७५ साली बस्तरमध्ये जागतिक बँकेच्या मदतीने सालाची राने तोडून तेथे कागदासाठी पाइनची झाडे लावण्याची योजना निघाली. सालाच्या बियांवर, डिंकावर आणि पानांवर आदिवासींचे घर चाले. पाइनची फांदी त्यांच्या काय कामाची? विरोध झाला, तज्ज्ञांतही वाद झाला, आणि ऐंशीच्या दशकाच्या आरंभी योजना गुंडाळावी लागली. सालाची झाडे मोजणारे पुष्कळ होते. सालावर कोण जगतो हे विचारणारा आरंभी कोणी नव्हता.

ह्याच सुमारास जगात एक नवा विचार पुढे येत होता. अमेरिकेत १ जानेवारी १९७० रोजी अमलात आलेल्या कायद्याने तेथील सरकारी खात्यांवर, त्यांत वनखातेही आले, असे बंधन घातले की मोठे काम हाती घेण्यापूर्वी त्याचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते लिहून काढावे, दुसरे कोणते मार्ग आहेत ते सांगावे आणि लोकांचे म्हणणे मागवावे. येथे महत्त्वाचा शब्द ‘पूर्वी’ हा आहे. आपल्याकडे १९८० च्या वनसंवर्धन कायद्याने जंगलाची जमीन दुसऱ्या कामास देण्यापूर्वी केंद्र सरकारची परवानगी आवश्यक केली. ह्या कायद्याने पुष्कळ रान वाचले, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. पण परवानगी दिल्लीची होती, गावाची नव्हती. पर्यावरणाच्या परिणामाची तपासणी १९९४ च्या अधिसूचनेने आली आणि १९९७ साली तीत जाहीर सुनावणी घातली गेली. २००६ साली जुनी अधिसूचना जाऊन नवी आली. खाण, धरण, कारखाना ह्यांसाठी सुनावणी आहे. खुद्द वनखात्याची तोड आणि रोपवन त्या यादीत नाहीत.

आणि सुनावणी असली म्हणजे सारे झाले असेही नाही. ह्याबाबत आम्हांस स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी विदर्भातील एका प्रकल्पाच्या सुनावणीस आम्ही मजुरांचा मोठा जथा घेऊन गेलो होतो. जाडजूड अहवाल इंग्रजीत होता आणि मराठीत चार पानांचा गोषवारा होता. आम्ही तो गोषवाराही नीट वाचला नव्हता. कामावर किती माणसे घेणार आणि रोज काय देणार, एवढेच आम्ही ठासून विचारले. मागे बसलेली एक म्हातारी उठून म्हणाली, “भाऊ, हा नाला कुठी वळवता? उन्हायात आमची ढोरं याच पान्यावर जगतात.” आम्हीच तिला म्हणालो, “मावशी, आधी कामाचं बोलू द्या.” ती खाली बसली. इतिवृत्तात आमच्या मागण्या आल्या, तिचा प्रश्न आला नाही. ज्या अन्यायाविरुद्ध आम्ही हयात घालविली तोच त्या दिवशी आमच्या हातून घडला. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो कधी कधी आपल्याच हाती असतो.

आता आपल्या दाराशी येऊ. १९९७ साली ज्ञानगंगा अभयारण्य जाहीर झाले. सुमारे दोनशे पाच चौरस किलोमीटरांचे हे रान आहे, आणि त्याची कड आपल्या तालुक्यास लागते. १९७२ च्या वन्यजीव कायद्यातही जाहीरनामा आहे, दोन महिन्यांची मुदत आहे आणि कलेक्टरची चौकशी आहे, साचा तोच. २०१९ साली टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ, गळ्यात रेडिओ पट्टा घेऊन, दोन राज्यांतून फिरत फिरत ह्या ज्ञानगंगेत येऊन थांबला. पुढे त्याची एकूण वाटचाल तीन हजार किलोमीटरांच्या घरात मोजली गेली आणि देशभर त्याचे नाव झाले. आम्हांस त्या वाघाचा अभिमान वाटला. तो शेकडो गावांच्या वावरांतून, नाल्यांतून गेला, आणि त्या गावांनी त्यास जाऊ दिले म्हणूनच येथवर पोहोचला. वाघाची वाट जी गावे मोकळी ठेवतात, त्या गावांस रानाच्या आराखड्यात बोलू देण्यास काय हरकत आहे?

अशी बोलण्याची जागा कायद्याने अखेर दिली ती २००६ च्या वनहक्क कायद्याने, आणि त्याचा अंमल २००८ च्या आरंभापासून सुरू झाला. ह्या कायद्याने हक्काची चौकशी ग्रामसभेपासून सुरू केली आणि सामूहिक जंगल राखण्याचा, वाढविण्याचा व त्याची व्यवस्था करण्याचा हक्क गावास दिला. २००९ साली केंद्राने परिपत्रक काढले की जंगलजमीन वळविण्यापूर्वी ग्रामसभेची संमती हवी. त्याच साली गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावास सुमारे अठराशे हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ च्या एप्रिलात आपला बांबू विकण्यासाठी वाहतूक पास देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर बॉक्साइटची खाण व्हावी की नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी ग्रामसभांकडे सोपविले. बारा ग्रामसभा भरल्या आणि बाराही ग्रामसभांनी नाही म्हटले. १८७८ च्या अर्जास हे एकशे पस्तीस वर्षांनी मिळालेले उत्तर होते.

परंतु मिळालेली जागा आपोआप टिकत नाही. २०१३ सालीच रस्ते, कालवे, तारा अशा लांबट कामांस ग्रामसभेच्या संमतीतून सूट मिळाली. २०२२ च्या नियमांनी वनहक्कांची पूर्तता पाहण्याचे काम केंद्राच्या मंजुरीनंतर राज्याकडे ढकलले. म्हणजे ‘पूर्वी’ चे पुन्हा ‘नंतर’ झाले. शिवाय आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. महाराष्ट्रात बंजारा समाज अनुसूचित जमातींत नाही. म्हणून तांड्यावरच्या माणसास वनहक्क मागताना तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. ज्याचा आजा बैलांवर मीठ लादून मुलूखभर हिंडला, त्याच्याकडे आपण एका जागेचा पुरावा मागतो.

गाव निर्दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. रात्री सागवान तोडणारे हात गावचेच असतात. ग्रामसभेच्या रजिस्टरवर घरोघर फिरून सह्या गोळा होतात. बायकांच्या अंगठ्यांचे ठसे असतात, त्यांचा आवाज नसतो. गावातला बडा माणूस आपल्या चराईस गावाची चराई म्हणतो. ह्या सर्व गोष्टी खऱ्या आहेत. पण गिरणीत कामचुकार मजूर असतो म्हणून युनियन नको, हे आम्ही मालकाकडून पुष्कळ वेळा ऐकले आहे आणि कधीच मानलेले नाही. दोष आहेत म्हणून सभा बंद करावयाची नसते, ती नीट भरवावयाची असते.

आणि नीट भरविण्याचे साधन हाती आहे. वनहक्क नियमांत २०१२ साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे, ज्या गावास सामूहिक हक्क आहे त्याच्या समितीने रानाचा स्वतःचा आराखडा करावयाचा असतो, आणि तो वनखात्याच्या कार्य आयोजनेशी जोडावयाचा असतो. ग्रामसभेच्या बैठकीस निम्मी माणसे हवीत आणि हजर असलेल्यांत निदान एक तृतीयांश बायका हव्यात. तेव्हा मोताळा तालुक्यातील रानाकडेच्या प्रत्येक गावाने तीन कामे करावीत, अशी आमची विनंती आहे. आपल्या रानाची चालू कार्य आयोजना मागवावी आणि ती मराठीत, चावडीवर, मोठ्याने वाचावी. गुराखी, मोळीवाल्या, तेंदूपत्ता तोडणारे आणि तांड्यावरचे लोक ज्या दिवशी गावात असतील त्या दिवशी सभा ठेवावी. आणि जी हरकत येईल ती बोलणाऱ्याच्या नावासह, त्याच्याच शब्दांत लिहावी. ती आपल्यास गैरसोयीची असली तरी लिहावी.

त्या म्हातारीचे नाव आम्ही त्या दिवशी विचारले नाही, ह्याची खंत आम्हांस अजून आहे. तिच्या नाल्याचे पुढे काय झाले ते आम्ही जाऊन पाहिले. तो वळवला गेला, आणि उन्हाळ्यात तिच्या वस्तीची ढोरे आता तीन कोस लांब पाण्यास जातात. तिने हरकत योग्य वेळी घेतली होती. ती लिहून घेणारा कोणी नव्हता, आणि लिहून घेण्याचे काम आमचे होते.